लेकराचा घसा आणि दहा दिवसांच्या गोळ्या

दिवाळी झाली की आपल्या अंबड, घनसावंगी, मंठ्याकडची कितीतरी बिऱ्हाडं ऊसतोडीला निघतात. गाडीत भांडी, अंथरुणं, लेकरं, सगळं एकदम. नेमकं त्याच घाईत एखादं लेकरू म्हणतं, "माय, थुंकी गिळताना दुखतंय." आपण हळदीचं दूध देतो, गार पाणी पिलं असेल म्हणतो. आज आम्ही त्या घशाबद्दल बोलणार आहोत.

बहुतेक वेळा घसा साध्या कारणानं दुखतो. सोबत नाक गळत असेल, खोकला असेल, आवाज बसला असेल, तर तो बहुधा विषाणूचा त्रास. आठवडाभरात आपोआप जातो, त्याला अँटिबायोटिक लागत नाही. पण स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूनं घसा धरला, तर दुखणं एकाएकी सुरू होतं. ताप भरतो, घास गिळवत नाही, जबड्याखालच्या गाठी सुजतात आणि हात लावला की दुखतात. खोकला मात्र सहसा नसतो. उजेडात तोंड उघडायला लावलं तर टॉन्सिल लालभडक दिसतात, कधी त्यावर पांढरे ठिपके. 5 ते 15 वर्षांच्या मुलांत हे जास्त आढळतं. आपण शंका घ्यायची, ठरवायचं डॉक्टरांनी. श्वास घ्यायला त्रास होतोय, लाळसुद्धा गिळवत नाही, असं दिसलं तर मात्र तासभरही थांबू नका.

आता कुणी म्हणेल, घसा तर गोळ्यांवाचूनही बरा होतो, मग एवढं कशाला? घसा बरा होतो, ते खरंच. पण काही मुलांमध्ये दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. गुडघा सुजतो, तो उतरतो तोवर घोटा धरतो. जंतूशी लढणारी शरीराची ताकदच चुकून स्वतःच्या सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर उलटते. सांधे सुधारतात, झडप मात्र कायमची बिघडू शकते. मुलगी शाळेत जाते, मोठी होते, लग्न होतं, आणि पोटात बाळ असताना दम लागायला लागतो तेव्हा कुठं हृदयाचा आजार कळतो. लहानपणीचा घसा तोवर कुणाला आठवतो?

यावरचं औषध जुनं आणि स्वस्त आहे. पेनिसिलिनचा शोध 1928 सालचा. हा जंतू आजही त्याला दाद देतो. डॉक्टर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दहा दिवस देतात. तिसऱ्या दिवशी लेकरू खेळायला लागतं आणि आपण उरलेल्या गोळ्या फळीवर ठेवून देतो, पुढच्या वेळेला म्हणून. आमच्यापैकी कितीजणींनी हे केलंय, विचारू नका! दहा दिवस म्हणजे दहा दिवस. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तरी हृदयाचा धोका टळू शकतो, म्हणून उशीर झाला तरी जा. टोळीबरोबर निघायचं असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. एकाच सुईत काम होणारं बेंझाथिन पेनिसिलिनही असतं, ते द्यायचं का ते ठरवतील. आधी कधी पेनिसिलिननं अंगावर पित्त उठलं असेल, तेही सांगा. मेडिकलमधून मनानं गोळ्या आणू नका. मिठाच्या गुळण्यांनी आराम पडतो, जंतू मरत नाही.

हा जंतू खोकण्या-शिंकण्यातून, उष्ट्या पेल्यातून पसरतो. कोपीत चार लेकरं एकाच वाकळेत झोपतात, वेगळी खोली आणणार कुठून? निदान आजारी लेकराचा पेला वेगळा ठेवा, माठात ओगराळं वापरा, हात साबणानं धुवा. औषध सुरू होऊन एक दिवस झाला की लागण्याची भीती बरीच कमी होते, तोवर शाळेत धाडू नका.

ज्या लेकराला सांध्यांचा असा ताप येऊन गेलाय, त्याला साधारण दर 21 दिवसांनी सुई लागते, तीही अनेक वर्षं. मुलीचं लग्न मोडेल म्हणून काही घरं ही सुई लपवतात, मग चुकवतात. आमच्या मते लपवण्यासारखं त्यात काहीच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळा-अंगणवाडीत येतं, ते हा हृदयाचा आजारही तपासतं. त्या दिवशी लेकराला शेतावर नेऊ नका. आणि सुईचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून बिऱ्हाडाबरोबर न्या, पुढची तारीख त्यावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या. कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात तोच दाखवायचा आहे.