सायबरबुलिंग मोजायचं, पण नेमकं काय मोजायचं?

सायबरबुलिंगवर संशोधन करायचं ठरवलंय? मग आधी व्याख्या पक्की करा. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी शाळेतल्या दादागिरीसाठी तीन कसोट्या दिल्या: त्रास देण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं आणि दोघांच्या ताकदीतला फरक.

ऑनलाइन जगात दुसरी कसोटी डगमगते. एका मुलीचा फोटो कुणी एकदाच टाकला आणि ४० जणांनी पुढे पाठवला, तर घटना एक की ४०? टाकणाऱ्यासाठी एकच, तिच्यासाठी मात्र प्रत्येक फॉरवर्ड नवा घाव.

प्रकारही वेगवेगळे आहेत: शिवीगाळ, अफवा पसरवणं, दुसऱ्याच्या नावानं खोटं खातं काढणं, खासगी चॅटचे स्क्रीनशॉट फिरवणं, सतत पाळत ठेवणं, वर्गाच्या ग्रुपमधून मुद्दाम वगळणं. शेवटच्या प्रकारात तर एक शब्दही लिहिलेला नसतो!

म्हणून प्रश्नावलीत 'तुमचं सायबरबुलिंग झालं का?' असं थेट विचारू नका. 'नाही हो, मस्करी होती' असं म्हणून मुलं मोकळी होऊ शकतात. त्याऐवजी कृती विचारा: 'गेल्या ३ महिन्यांत तुमचा फोटो न विचारता कुणी पुढे पाठवला का?'

आणि त्याच कागदावर चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर छापा. उत्तर लिहिणारं मूल आजही त्याच ग्रुपमध्ये असू शकतं.