सोनेरी पानाचा रंग कोणता?

बदाम आणि चौकट लाल, इस्पिक आणि किलवर काळे. लालही आणि काळेही असे पान बावन्नांत शोधून सापडणार नाही. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांचेही तसेच. गोल, हाताने रंगवलेली १२० पाने. दहा अवतारांचे दहा गट, प्रत्येकात १२ पाने. पण एक पान दोन अवतारांचे कधी नसते.

असे पान असते तर काय झाले असते? गेल्या उन्हाळ्यात लाखांदूरला आमच्या ओसरीवर याच प्रश्नावरून चांगलेच भांडण जुंपले. नागपूरहून आलेल्या भाच्याने ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळाचे कॅट आणले होते. रिचर्ड गारफील्ड या अमेरिकन गणितज्ञाने रचलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. त्यात रंग पाच: पांढरा, निळा, काळा, लाल व हिरवा. पान खेळावयाचे तर त्याच्या कोपऱ्यातील चिन्हांप्रमाणे किंमत मोजावी लागते. ही किंमत मुख्यतः ‘जमिनीच्या’ पानांतून मिळते. त्या चिन्हांचे जे रंग, तेच सहसा त्या पानाचे रंग. १९९४ पासून अनेकरंगी पाने आली. त्यांची चौकट सोनेरी असते.

शेजारच्या मुलाने लाल-पांढऱ्या प्राण्याचे पान घेऊन हल्ला केला. भाच्याने पुढे केलेल्या प्राण्याला ‘लाल रंगापासून संरक्षण’ होते; म्हणजे लाल पानापासून त्याला इजा नाही.

“सर, माझं पान सोनेरी आहे, लाल कुठं आहे?”

“मामाजी, त्याच्यावर लाल चिन्ह आहे ना!”

शेवटी शेजाऱ्याने तडजोड सुचवली, “मग निम्मा तरी मार बसू द्या!”

तुम्ही काय निकाल दिला असता? प्रकाशाच्या धड्यात आपण शिकतो, की लाल व हिरवा प्रकाश पडद्यावर एकत्र पाडला तर पिवळा दिसतो. लाल-हिरवे वेगळे उरत नाहीत. येथे तसे नाही. या खेळात रंग मिसळत नाहीत. सोनेरी हा सहावा रंग नव्हे, ती केवळ खूण. गणिताच्या तासाला शिकलेले संच आठवा. ते पान लाल पानांच्या संचात आहे आणि पांढऱ्यांच्याही. म्हणजे दोन्ही संचांच्या छेदात. ते पूर्ण लाल आहे, म्हणून पूर्ण अडते. निम्मे वगैरे काही नाही.

शेजारी हिरमुसला. पण हाच नियम कधी उपयोगीही पडतो, बरे का! ‘काळा नसलेला प्राणी नष्ट करा’ असे एखादे पान सांगते. पांढरा-काळा प्राणी त्यातून वाचतो, कारण तो काळा आहेच. पाच रंगांचे उपसंच २×२×२×२×२ म्हणजे ३२. त्यांत दोन रंगांच्या जोड्या १०, आणि एक रिकामा संचही. रंगहीन पाने त्यातली!

दोन रंगांची खरी अडचण किमतीत आहे. समजा कॅटमध्ये १२ लाल व १२ पांढऱ्या जमिनी आहेत, आणि पानाला एक लाल आणि एक पांढरी हवी. हाती कोणत्याही दोन जमिनी आल्या. पहिली लाल असेल तर उरलेल्या २३ पैकी १२ पांढऱ्या. म्हणजे पान खेळता येण्याची संभाव्यता १२/२३, सुमारे ५२ टक्के. तीन जमिनी आल्या तर ७८ टक्के.

२००५ साली आणखी एक युक्ती निघाली: एकाच चिन्हाचे दोन अर्धे, दोन रंगांचे. त्याची किंमत लाल किंवा पांढऱ्या, कोणत्याही जमिनीने भरता येते. अशी दोन चिन्हे असलेल्या पानाला हाती आलेल्या कोणत्याही दोन जमिनी चालतात. मात्र पानाचा रंग तरीही लाल आणि पांढरा, दोन्ही. किमतीत ‘किंवा’, रंगात ‘आणि’! मला स्वतःला या खेळातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. भाच्याला मात्र त्यातला राक्षसच जास्त आवडतो.

कॅट नसले तरी पडताळा घेता येईल. २४ चिंचोके घ्या, १२ चुन्यात बुडवून वाळवा, पिशवीत घाला. न पाहता दोन काढा, नोंद करा, परत टाकून पिशवी हलवा. असे शंभर वेळा करा आणि किती वेळा दोन रंग आले ते मोजा. नेमके ५२ आले नाहीत म्हणून घाबरू नका. वर्गातल्या दहा जणांची बेरीज करून पुन्हा पाहा.