कष्टाचा पैसा आणि बारा शब्दांची चावी

नाशिकरोडच्या माणसाला नोट म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. १९२८ पासून इथे करन्सी नोट प्रेस आहे. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. बिटकॉइनचे तसे नाही. ते कुठल्या प्रेसमध्ये छापत नाहीत आणि त्यावर कुणाची सही नसते. ते मोबाइलमधल्या ‘वॉलेट’मध्ये असते म्हणतात, पण वॉलेटमध्ये असते ती फक्त चावी. ही चावी म्हणजे बहुधा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द. ज्याच्या हाती ते शब्द, तोच मालक. एकदा पैसा गेला की कोणतीही बँक तो परत फिरवू शकत नाही.

‘गेनबिटकॉइन’ने दरमहा दहा टक्के, तेही अठरा महिने, देण्याचे आमिष दाखवले. हजारो लोक बुडाले. २०१८ साली पुण्यात गुन्हे नोंदले गेले, सूत्रधार अमित भारद्वाजला अटक झाली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला. त्याच वर्षी मार्चमध्ये पोलिसांनी तपासात मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच अटक झाली. आरोपींच्या वॉलेटमधले चलन परस्पर वळवले, असा त्यांच्यावर आरोप आहे. चावी दुसऱ्याच्या हाती गेली की काय होऊ शकते, ते यावरून समजावे.

आम्हाला खरी काळजी वाटते ती वेगळीच. असा माणूस आपल्या दारी अनोळखी म्हणून येत नाही. तो ‘जयभीम’ करून येतो, नात्यातला असतो, आणि त्याची नजर निवृत्तीच्या फंडावर किंवा भगिनींच्या भिशीवर असते. त्याने दिलेल्या ॲपमध्ये आकडा रोज वाढतो. पैसे काढायला गेले की आधी ‘टॅक्स’ भरा म्हणतो. तो आकडा खोटा असतो.

म्हणून एवढे पाळा. बारा शब्द, ओटीपी, पिन कुणालाही सांगू नका. कुणाच्या सांगण्यावरून मोबाइलमध्ये ॲप घेऊ नका. ठरलेल्या नफ्याची हमी देणाऱ्याला नमस्कार करून परत पाठवा. फसवणूक झालीच तर लाजू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा.

तथागतांनी दीघजाणु या गृहस्थाला कष्टाने मिळवलेल्या धनाचे रक्षण करायला सांगितले होते. बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. त्यांच्या लेकरांनी पैशाच्या बाबतीत डोळे मिटून विश्वास ठेवणे शोभत नाही. रविवारी विहारात वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयावर बोलू या. जयभीम!