भास्कर (एकाच नावाचे विद्वान)

सूर्यवाचक असल्यामुळे ‘भास्कर’ हे नाव भारतात पूर्वापार रूढ असून ते धारण करणारे अनेक ग्रंथकार होऊन गेले. ब्रह्मसूत्रांवर भेदाभेदवादी भाष्य लिहिणारे वेदान्ती भास्कर आणि शिशुपालवध या मराठी काव्याचे कर्ते महानुभाव कवी भास्करभट्ट बोरीकर यांची क्षेत्रे भिन्न असल्याने त्यांच्याविषयी घोटाळा संभवत नाही. गणित व ज्योतिष या एकाच क्षेत्रातील दोन भास्कराचार्यांची गोष्ट मात्र निराळी आहे.

‘पहिले’ व ‘दुसरे’ ही विशेषणे आधुनिक इतिहासकारांनी सोयीसाठी लावलेली आहेत. दुसऱ्या भास्कराचार्यांच्या (जन्म १११४) सिद्धान्तशिरोमणि (११५०) या ग्रंथाची, विशेषतः त्यातील लीलावतीची, कीर्ती एवढी पसरली की, नुसते ‘भास्कर’ म्हटले तरी तेच अभिप्रेत असत. परिणामी पाच शतके आधीचे पहिले भास्कराचार्य बराच काळ उपेक्षित राहिले. बिभूतिभूषण दत्त यांनी १९३० मध्ये दोघांच्या वेगळेपणाची चर्चा केली. पुढे महाभास्करीय १९४५ मध्ये पुण्याच्या आनंदाश्रम ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले, तर कृपाशंकर शुक्ल यांनी आर्यभटीयावरील भाष्याची आवृत्ती १९७६ मध्ये सिद्ध केली.

कालनिर्णयाचा भक्कम आधार या भाष्यातच आहे. कल्पारंभापासून १,९८,६१,२३,७३० वर्षे लोटल्याचे त्यात नमूद आहे. आर्यभटांच्या युगमानाप्रमाणे कलियुगाच्या आरंभापर्यंतची १,९८,६१,२०,००० वर्षे वजा केली असता कलियुगाची ३,७३० वर्षे उरतात, म्हणजे इ. स. ६२९ हे वर्ष येते. परंपरेचा भेदही तितकाच निर्णायक आहे : पहिले भास्कराचार्य आर्यभटांचे अनुयायी, तर दुसरे मुख्यतः ब्रह्मगुप्तांच्या ब्राह्मपक्षाचे.

केवळ आशयावरून कर्ता ठरविणे मात्र धोक्याचे आहे. ज्यासारणी न वापरता कोनाची ज्या काढण्याचा एक नियम महाभास्करीयात आहे. कोनाचे अंश १८० मधून वजा करून बाकीला त्याच अंशांनी गुणावे. या गुणाकाराच्या चौपटीला, ४०,५०० मधून तो गुणाकार वजा करून उरणाऱ्या संख्येने भागावे. त्रिज्या १ मानल्यास ३० अंशांसाठी १८,००० भागिले ३६,०००, म्हणजे नेमके ०·५ हे उत्तर येते. ४५ अंशांसाठी ०·७०५९ येते (खरे मूल्य ०·७०७१). हाच नियम जीवेच्या, म्हणजे वर्तुळाच्या पूर्ण ज्येच्या, रूपात लीलावतीतही आढळतो. त्यामुळे ‘भास्कराचे ज्यासूत्र’ एवढेच म्हटल्यास दोघांपैकी कोण, हे स्पष्ट होत नाही. त्याचा आद्य उल्लेख पहिल्या भास्कराचार्यांचाच मानावा लागतो.

दुसऱ्या भास्कराचार्यांच्या घराण्यातही हे नाव पुन्हा आलेले आहे. चाळीसगावजवळील पाटण येथील तेराव्या शतकाच्या आरंभीच्या शिलालेखाकडे भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये अभ्यासकांचे लक्ष वेधले. यादव राजा सिंघण याचे ज्योतिषी व भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापिलेल्या मठाची माहिती त्यात आहे. त्यातील वंशावळीनुसार भास्कराचार्यांच्या पाच पिढ्या आधी भास्करभट्ट नावाचे पूर्वज होऊन गेले; त्यांना भोजराजाने ‘विद्यापति’ ही पदवी दिली होती. हे भास्करभट्ट म्हणजे पहिले भास्कराचार्य नव्हेत. भोज अकराव्या शतकातील आहे.

भास्कर–१ (१९७९) व भास्कर–२ (१९८१) या भारतीय उपग्रहांच्या नावांतील अंक हे उपग्रहांचेच क्रम आहेत. दुसऱ्या उपग्रहाचे नाव दुसऱ्या भास्कराचार्यांवरून दिले, असा अर्थ त्यावरून काढता येत नाही.