तारण न होणारी जमीन

परदेशी विद्यापीठाचे शुल्क मोठे असते हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु तुळजापूर तालुक्यात, बालाघाटाच्या ज्या पठारावर सोयाबीन आणि तूर यांच्या भरवशावर कुटुंबाचे वर्ष निघते, तेथील मुलीच्या हाती लंडनचे प्रवेशपत्र आले म्हणजे तिच्या वडिलांना शुल्काच्या आकड्याहूनही अधिक अडविणारी एक गोष्ट असते, आणि ती म्हणजे तारण.

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार साडेसात लाख रुपयांपर्यंतची रक्कम स्थावर तारणावाचून मिळू शकते, कारण तेवढ्या रकमेस केंद्र सरकारच्या पतहमीचे पाठबळ आहे. ब्रिटनमधील एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे नुसते शुल्कच पुष्कळदा वीस ते तीस हजार पौंड असते, आणि पौंड शंभर रुपयांहून महाग असल्यामुळे ही हमी पहिल्या काही महिन्यांतच संपते. तेथून पुढे बँक बहुधा स्थावर मालमत्ता मागते. शेतकऱ्यापाशी मालमत्ता असते ती सातबाऱ्यावरची. परंतु २००२ च्या सरफेसी कायद्याच्या ३१ व्या कलमाने शेतजमीन त्या कायद्याच्या जप्तीतून वगळलेली असल्याने, थकबाकी झाल्यास जिच्यासाठी दिवाणी न्यायालयाची लांब वाट धरावी लागेल अशी जमीन घेऊन एवढे कर्ज देण्यास बँका सहसा राजी होत नाहीत. राहते घर गावठाणात. त्याचा पुरावा म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, आणि बँकेच्या वकिलास तर बिनशेती आदेश, मंजूर नकाशा व निर्वेध मालकीहक्क हवा असतो. अशा रीतीने दहा एकरांच्या खातेदारापेक्षा पुण्यातील दोन खोल्यांच्या सदनिकेचा मालक बँकेच्या दप्तरी अधिक सधन ठरतो.

शेतजमिनीचे हे संरक्षण काढून घ्यावे असे मी मुळीच म्हणणार नाही. सावकारी गहाणखतांनी ज्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या जमिनी गिळल्या, तेथे कायद्याने राखलेली जमीन राखलेलीच बरी. वाढवावयाची आहे ती सरकारी हमीची मर्यादा. २०२४ साली मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना विनातारण कर्जाची आहे खरी, परंतु ती देशातील निवडक संस्थांपुरती. बँकेतर वित्तसंस्था परदेशासाठीही विनातारण कर्ज देतात. तथापि त्यांचे व्याज अधिक, आणि त्यांना नियमित वेतन असलेला सहकर्जदार लागतो, जो कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी क्वचितच असतो. शिवाय हप्ते अभ्यासक्रम संपल्यानंतर सुरू होत असले, तरी व्याज पहिल्या दिवसापासून चढत असते, ही गोष्ट सही करण्यापूर्वी नीट समजून घेतली पाहिजे.

राज्यसत्तेच्या खर्चाने परदेशी शिकण्याची परंपरा मात्र या प्रदेशास नवीन नाही. १९४८ पर्यंत तुळजापूर ज्या निजामी राज्यात होते, त्याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर सरोजिनी नायडू १८९५ साली इंग्लंडला गेल्या. त्याहून बोधप्रद वृत्तान्त डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी दिलेली शिष्यवृत्ती दरमहा साडेअकरा पौंडांची, तीन वर्षे मुदतीची होती, आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करण्याचा करार तिच्याबरोबर झालेला होता. म्हणजे तारण म्हणून घेतले गेले ते विद्यार्थ्याचे भावी आयुष्य, घर नव्हे आणि शेतही नव्हे. पुढे लंडनमध्ये आरंभलेला अभ्यास, शिष्यवृत्तीची वाढीव मुदत संपताच, १९१७ मध्ये अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या वेतनातून साठविलेला पैसा, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, एवढ्यांची जुळणी केल्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्यांस वेगळे, चढे शुल्क १९६७ पासून लागू झाले, आणि १९८० नंतर तर पूर्ण खर्च त्यांच्याच माथी आला. बाबासाहेबांच्या काळी तो भेद नसताही एवढी यातायात पडली, हे ध्यानी घेतले म्हणजे आजच्या मुलांचा भार कळतो.

त्याच शाहू महाराजांच्या नावाने महाराष्ट्र शासन २००३ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिष्यवृत्ती देते, जागा ७५. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासूनची, जागा १२५. इतर मागासवर्गीय आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही स्वतंत्र योजना आहेत. परदेशी सरकारांच्या शिष्यवृत्त्या निराळ्या: तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या परिसरात ग्रामीण विकासाचे शिक्षण घेतलेले राजू केंद्रे ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकले. तिची अट अशी की शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे. बडोद्याच्या कराराचेच हे सौम्य रूप होय.

शुल्काचा प्रश्न जर्मनीत बराच हलका आहे, कारण तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे शिक्षणशुल्क घेत नाहीत. पण व्हिसासाठी वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो आधीच खात्यात गोठवून दाखवावे लागतात, आणि ते मागाहून दरमहा थोडेथोडे हाती येतात. ब्रिटनच्या व्हिसासाठी स्वतःची शिल्लक सलग २८ दिवस खात्यात राहावी लागते. सरकारी शिष्यवृत्तीचे वा मान्यताप्राप्त कर्जाचे पत्र असल्यास मात्र ती अट लागत नाही. म्हणजे येथे रकमेइतकेच वेळेला महत्त्व आहे. इंग्रजीच्या परीक्षेचे सतरा-अठरा हजार रुपये आणि विद्यापीठाकडे भरावयाची अनामत या रकमा कोणतीही शिष्यवृत्ती हाती येण्यापूर्वीच घरातून जातात. म्हणून तहसील कार्यालयाचा उत्पन्नाचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांच्या मागे परीक्षेच्या वर्षीच लागावे. आणि शासनाने आपल्या निवडयाद्या विद्यापीठांच्या अनामतीच्या मुदतीपूर्वी, उन्हाळ्यातच, जाहीर कराव्यात, म्हणजे सप्टेंबरात सुरू होणाऱ्या वर्गासाठी कोणा बापास हातउसन्या पैशाकरिता गावभर फिरावे लागणार नाही.