स्पोर्ट्स कारला मागचे स्पीकर : काम घ्यायचं, की आधी तपासायचं?



मागच्या महिन्यात तोंडवलीहून एका तरुणाचा फोन आला. आयटीआय झालेला मुलगा. घराच्या पडवीत छोटं दुकान. रिक्षांची, टेम्पोंची आणि होड्यांची वायरिंग करतो, सीझनला पर्यटकांच्या गाड्यांत स्टिरिओ बसवून देतो. तो म्हणाला, "सर, गिराईक बरा आसा, बारा हजार देतंय म्हणता. पण गाडी फायबरची आसा. घेऊ काय नको?"

गाडी होती सॅन स्टॉर्म. आपल्यापैकी अनेकांनी ही पाहिलीसुद्धा नसेल. बंगळुरूच्या सॅन मोटर्सची, शेजारच्या गोव्यात तयार झालेली, दोन सीटची, कापडी टपाची छोटी स्पोर्ट्स कार. १९९० च्या दशकाच्या शेवटी आली. इंजिन रेनॉचं १.२ लिटरचं आणि बॉडी फायबरग्लासची. आता ही गाडी बनत नाही. म्हणजे पॅनेलला तडा गेला तर दुकानात जाऊन नवं आणता येत नाही. मालकाला सीटच्या मागे दोन स्पीकर हवे होते.

एका बाजूला बारा हजार रुपये, दुसऱ्या बाजूला परत न मिळणारी गाडी आणि गावातलं आपलं नाव. असा प्रसंग तुमच्या धंद्यातही येणारच, मग तुम्ही स्पीकर बसवा, फ्रिज दुरुस्त करा नाहीतर केक बनवा. म्हणून आज हे एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत समजून घेऊ.

१. गिऱ्हाईक स्पीकर मागतंय, पण त्याला हवंय काय?

पहिला प्रश्न विचारायचा, "दादा, मागे स्पीकर कशासाठी?" उत्तर दोन प्रकारचं येतं.

एक, "आवाज कमी पडतो." बंद टपाच्या दोन सीटच्या गाडीत हे ऐकलं की लगेच मागे स्पीकर लावायला धावू नका. गाणारा माणूस आपल्या समोर असावा असं कानाला वाटतं. मागचे स्पीकर मोठे केले की गाणं डोक्याच्या मागून यायला लागतं. अशा वेळी पुढचे स्पीकर चांगले करणं हेच खरं उत्तर असतं.

दोन, "टप उघडला की काहीच ऐकू येत नाही." हे कारण मात्र खरं आहे. पुढचे स्पीकर दरवाजात, पायाजवळ. टप उघडा, वेग साठ, वरून समुद्राचा वारा. मग कानाच्या जवळ स्पीकर असेल तर फायदा होतो. जपानच्या माझ्दा कंपनीने एमएक्स-५ या उघड्या गाडीत सीटच्या हेडरेस्टमध्येच स्पीकर दिले, ते याचसाठी.

आपल्या मुलाचं गिऱ्हाईक दोन्ही कारणं सांगत होतं. म्हणजे आधी तपासणी.

२. डबा उघडायच्या आधी हेड युनिट बघा

बाजारातल्या बहुतेक स्टिरिओंना चार स्पीकरच्या तारा असतातच. दोन सीटच्या गाडीत मागच्या तारा रिकाम्या पडलेल्या असतात. रंग लक्षात ठेवा : पांढरी पुढची डावी, करडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी. त्याच रंगावर काळी रेघ असेल ती वजा. पिवळी तार बॅटरीची कायमची, लाल चावीची, काळी अर्थिंगची. पण आधी कोणी कारागिराने तारा बदललेल्या असू शकतात, म्हणून रंगावर भरवसा ठेवून जोडू नका, मीटरने तपासा.

मागच्या तारा रिकाम्या असतील तर वेगळा अॅम्प्लिफायर लागत नाही. पुढच्याच तारांना मागचे स्पीकर समांतर जोडण्याचा शॉर्टकट मात्र नको. चार ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार दोन ओहमचा होतो, आणि चार ओहमसाठी बनवलेला स्टिरिओ तापून बंद पडतो किंवा जळतो.

खोक्यावर "५० वॉट गुणिले ४" लिहिलेलं असतं, तो क्षणभराचा आकडा. सलग मिळणारी ताकद साधारण वीस वॉटच्या आसपास. म्हणून गिऱ्हाइकाला "तीनशे वॉटचे" स्पीकर विकू नका. खोक्यावर सेन्सिटिव्हिटी बघा, ९० डेसिबल किंवा जास्त. तीन डेसिबल जास्त म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी ताकद पुरते. हे गिऱ्हाइकाला सोप्या शब्दांत सांगता आलं तर तुमचा भाव आपोआप वाढतो.

३. फायबरच्या गाडीत अर्थिंग कुठे द्यायचं?

लोखंडी बॉडीच्या गाडीत आपण काय करतो? जवळचा स्क्रू बघतो, रंग खरवडतो, काळी तार तिथे आवळतो. पूर्ण बॉडी बॅटरीच्या वजा टोकाला जोडलेली असते म्हणून ते चालतं. फायबरग्लासमधून वीज जात नाही. तिथे स्क्रू आवळलात तर स्टिरिओ चालूच होणार नाही, नाहीतर जवळच्या एखाद्या धातूच्या पट्टीतून कसाबसा चालेल आणि घरघर करेल. उपाय सोपा आहे : काळी तार थेट बॅटरीच्या वजा टोकापर्यंत किंवा गाडीच्या मूळ अर्थ पॉइंटपर्यंत न्यायची आणि मीटरने खात्री करायची.

आणखी एक चूक मी शिकाऊ मुलांकडून वारंवार होताना बघतो. तार वाचवायला स्पीकरची वजा तार बॉडीला जोडतात. आजच्या स्टिरिओत स्पीकरच्या दोन्ही तारांवर सिग्नल असतो. त्यातली एक अर्थ केली की आतली आयसी उडू शकते. स्पीकरच्या दोन्ही तारा स्टिरिओपासून स्पीकरपर्यंत वेगळ्याच न्यायच्या.

४. भोक पाडायचं नाही

न मिळणाऱ्या गाडीला भोक पाडायचं नाही, हा नियमच करा. सीटच्या मागे बसेल असा पेटारा बनवा, बारा मिलिमीटरच्या मरीन प्लायचा, वरून कार्पेट. स्पीकर उघडा ठेवला तर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतो आणि ढोलकीचा ठोका गायब होतो, म्हणून पेटी बंद हवी. माप घेताना सीट पूर्ण मागे सरकवून, पाठ टेकवून माप घ्या. चार इंची स्पीकर बसतात, सहा बाय नऊचे लंबगोल बहुतेक वेळा बसत नाहीत. नुसता व्यास बघू नका, खोलीही बघा. आणि पेटी पक्की आवळा, जोरात ब्रेक लागला तर ती पाठीवर येता कामा नये.

आता आपल्या किनाऱ्याचा मुद्दा. तोंडवली-तळाशील म्हणजे एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी. खारी हवा तांबं हिरवं करते. पुण्यात पाच वर्षं टिकणारा जोड इथे फार लवकर कुरकुरायला लागतो. म्हणून :

- तार होडीला वापरतात तशी कल्हई केलेल्या तांब्याची. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची स्वस्त तार नको.
- जोड दाबून किंवा डाग देऊन पक्का, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी. नुसती चिकटपट्टी उन्हात सुटते.
- स्पीकरचा कोन कागदी नको, पॉलिप्रॉपिलीनचा घ्या. कापडी टप पावसात गळतोच.
- स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे. ३०४ ग्रेडसुद्धा खाऱ्या हवेत डागाळतो.

यात गंमत बघा. होड्यांची वायरिंग करणाऱ्या मुलाला यातलं निम्मं आधीच माहीत होतं. शहरातल्या चकचकीत दुकानाकडे नसलेलं ज्ञान त्याच्याकडे होतं, फक्त त्याने ते कधी विकलं नव्हतं.

५. भाव कसा काढायचा?

गिऱ्हाइकाने बारा हजार म्हटले म्हणून बारा हजार, हा भाव नव्हे. आम्ही फोनवरच कागदावर मांडलं. आकडे उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे टाका.

- स्पीकर जोडी : २,५०० रुपये
- तार, फ्यूज, नळी, स्क्रू : ७०० रुपये
- प्लाय आणि कार्पेट : ६०० रुपये
- सामान आणायला मालवण-कुडाळ फेरी : ४०० रुपये
- मजुरी, १६ तास, तासाला २५० : ४,००० रुपये
- पुन्हा बोलावलं तर त्यासाठी राखीव : ८०० रुपये

बेरीज झाली ९,००० रुपये. त्यावर पंधरा टक्के नफा १,३५०. एकूण १०,३५० रुपये. मजुरी आणि नफा वेगवेगळे आहेत, हे नीट बघा. मजुरी तुमच्या हातांची, नफा तुमच्या दुकानाचा. आपल्याकडे बरेच जण मजुरीलाच नफा समजतात आणि वर्षाच्या शेवटी मीटर घ्यायलाही पैसे नसतात.

मग मी त्याला सांगितलं, "काम लगेच घेऊ नकोस. आधी ५०० रुपये तपासणी फी घे. गाडीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढ, असलेले ओरखडे कागदावर लिही, मालकाची सही घे." तो गप्प झाला. गावात बघायचे पैसे कोण मागतो? पण डॉक्टर मागतो ना? तुम्ही दोन तास गाडी उघडून निदान करता, तर त्याची किंमत आहे.

६. तपासणीत काय निघालं?

त्याने दीड व्होल्टचा सेल घेतला. सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिकला आणि वजा टोक वजाला क्षणभर लावलं की कोन बाहेर यायला हवा. उजव्या दरवाजातला आला. डावीकडच्या तारेवर, रंगाप्रमाणे लावल्यावर, आत गेला. म्हणजे कधीतरी कोणीतरी डावा स्पीकर उलटा जोडला होता. एक कोन बाहेर ढकलतो तेव्हा दुसरा आत ओढतो, आणि जाड आवाज एकमेकांत विरून जातो. "आवाज कमी पडतो" ही तक्रार मुख्यतः इथून येत होती. हिरवे पडलेले जोड साफ केले, तारा सरळ केल्या, फॅडर-बॅलन्स लावला. टप उघडून आचऱ्याच्या रस्त्याला एक फेरी मारली.

मालक म्हणाला, "आता पुष्कळ झालं. मागच्याचं नंतर बघू." मुलाने १०,३५० चं लेखी कोटेशन हातात दिलं. मिळाले किती? तपासणी आणि दुरुस्ती मिळून १,५०० रुपये.

संध्याकाळी त्याचा पुन्हा फोन आला, आवाज उतरलेला. "सर, खरा सांगून माझाच नुकसान झाला."

मी त्याला खोटा दिलासा दिला नाही. त्या दिवशी मोठं काम गेलं, हे खरंच आहे. मालक परत येईल का, तेही मी सांगू शकत नाही. पण दुसरी बाजू मांडली. उलटा स्पीकर तसाच ठेवून मागे दोन नवे लावले असते तर जाड आवाज तरीही नीट झाला नसता. आठवड्याने मालकाने दुसऱ्या कारागिराला दाखवलं असतं, त्याने पाच मिनिटांत चूक काढली असती, आणि मग १०,३५० परत मागायला माणूस पडवीत उभा राहिला असता. १,५०० हे दोन तासांचे आहेत, १०,३५० हे १६ तासांचे आणि सामानासकट. तासाच्या हिशोबाने कमी काय मिळालं, ते तुम्हीच काढा.

आता तुमची पाळी

असं काम सुरू करायला कर्ज लागतंच असं नाही. मीटर, क्रिंपिंगची पक्कड, हीट गन, ट्रिम उघडायचे प्लास्टिकचे चमचे, एवढ्यावर सुरुवात होते. लागलंच तर मुद्रा योजनेत शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज मिळतं. उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

आणि गिऱ्हाइकाला एक गोष्ट जाता जाता सांगा. वस्तीत आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबल आहे. किनाऱ्यावर दरवाजे उघडून गाणी लावली तर शिव्या गाडीवाल्याला पडतात, पण "कोणी बसवलं?" म्हणून नाव तुमचंही निघतं.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या धंद्यात "बघून सांगतो" म्हणत तुम्ही फुकट काय काय करता, त्याची यादी करा. त्यातल्या एका गोष्टीला फी ठरवा आणि पुढच्या गिऱ्हाइकाला ती न लाजता सांगा. सेलने कोन तपासण्याची पद्धत व्हिडिओत दाखवली आहे, ती एकदा स्वतः करून बघा.

भेटू पुढच्या भागात. कामाला लागा!