घर मिळाले, राहणे परवडेल काय?

वरळीच्या बी. डी. डी. चाळींविषयी दोन प्रकारे बोलण्याची पद्धत पडली आहे. काहींच्या लेखी चाळ म्हणजे गणेशोत्सव, दहीहंडी, उघडी दारे आणि शेजारधर्म. इतरांच्या लेखी ती १६० चौरस फुटांची खोली आणि सामायिक शौचकूपापुढील रांग. दोन्ही चित्रे खरी आहेत. परंतु दोहोंतून एक गोष्ट निसटते. बेताच्या मिळकतीच्या माणसाला मुंबईसारख्या महागड्या शहरात तग धरता यावा, अशी एक अर्थव्यवस्था या चाळींत उभी राहिली होती. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतील ५५६ कुटुंबांना नव्या उत्तुंग इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या किल्ल्या देण्यात आल्या. आता तरी या अर्थव्यवस्थेचा विचार व्हावयास हवा.

चाळींचा जन्मकाळ या दृष्टीने उद्बोधक आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईवर उपाय म्हणून गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. त्यासाठी कर्ज उभारले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया कर बसविला. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी झाल्या. संकल्प मात्र सुमारे साडेसोळा हजार खोल्यांवरच थांबला. त्यांपैकीही अनेक खोल्या प्रारंभीची काही वर्षे रिकाम्या राहिल्या, कारण भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे होते आणि वरळी तेव्हा दूर पडत असे. कायदेभंगाच्या चळवळीत तर येथील काही चाळींचा उपयोग सत्याग्रहींना डांबून ठेवण्यासाठी झाला. बांधणाऱ्याने कामगाराची गरज पाहिली होती. त्याची कमाई पाहिली नव्हती.

पुढे चाळी भरल्या त्या भाडी आवाक्यात आल्यावर, आणि कामगारांनी खर्च वाटून घेण्याच्या रीती निर्माण केल्या म्हणून. एकाच गावचे दहाबारा गडी एका खोलीत राहत. कोणी दिवसपाळीला तर कोणी रातपाळीला गिरणीत जाई, आणि एकाने सोडलेल्या जागेवर दुसरा पाठ टेके. जेवण खानावळवाल्या बाईकडे. पगार झाला की हिशेब चुकता. अडीअडचणीला भिशी, गावकऱ्यांचे मंडळ आणि वाण्याची वही. या खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना सावकाराच्या व्याजातून सोडवून बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. गिरणगावाचा संसार कोणाच्या श्रमांवर चालला होता, याची ती उशिरा का होईना घेतलेली दखल होती.

या व्यवस्थेची कसोटी लागली १८ जानेवारी १९८२ पासून. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि महिनोन् महिने पगार बंद राहिला. असंख्य कुटुंबे गावी परतली. जी टिकली त्यांना आधार होता तो उधारीचा, स्त्रियांच्या मिळेल त्या कामाचा आणि खोलीच्या अल्प भाड्याचा. महिन्याचा अटळ खर्च थोडा असणे, हाच त्यांचा विमा होता.

म्हणून चाळीचे गोडवे गावेत असे नव्हे. शेजारधर्मालाही मर्यादा होत्या. जानेवारी १९७४ मध्ये याच वरळीत सवर्ण आणि दलित वस्त्यांमध्ये दंगल उसळली, हे विसरून चालणार नाही. आजारी म्हातारीला रात्री शौचासाठी खोलीबाहेर जावे लागणे किंवा सुनेला कपडे बदलण्यासाठी आडोसा नसणे, यात सांस्कृतिक वैभव कोणते? स्वतंत्र शौचालयाचे पक्के घर हा या रहिवाशांचा हक्क आहे आणि तो मिळण्यास एक शतक लागले.

प्रश्न आहे तो यापुढचा. चाळीचा मालक सरकार होते आणि देखभालीचा भारही बव्हंशी सरकारच वाही. उंच इमारतीत उद्वाहक, पाण्याचे पंप, आगप्रतिबंधक यंत्रणा आणि पहारा यांचा खर्च दरमहा येतो, आणि यंत्रे जुनी होतात तसा तो वाढतो. गिरणीतून निवृत्त झालेला वृद्ध, घरकाम करणारी विधवा, कंत्राटी नोकरीतला तरुण यांची मिळकत त्या प्रमाणात वाढेलच, असे मानण्यास आधार नाही. शिवाय ओट्यावरची भाजीवाली आणि डबे देणारी बाई यांचे उत्पन्न दारासमोरच्या वर्दळीवर अवलंबून असे. विसाव्या मजल्यावर ती वर्दळ कोठून येणार? मिळकत घटली आणि खर्च वाढला, तर घर विकून कल्याण-विरारच्या पलीकडे जाणे एवढाच मार्ग उरतो. मग पुनर्वसन कोणाचे झाले?

उपाय अशक्य नाहीत. याच जमिनीवर विक्रीसाठी इमारती आणि व्यापारी गाळे उभे राहावयाचे आहेत. त्यांच्या उत्पन्नाचा काही भाग देखभालीच्या कायम निधीत जावा. त्या निधीचा हिशेब दरवर्षी सूचनाफलकावर लागावा. तळमजल्यावर छोट्या धंद्यांसाठी माफक भाड्याच्या जागा असाव्यात. प्रत्येक घराला दरमहा किती खर्च येईल, याचा वीस वर्षांचा अंदाज पुढील टप्प्यातील रहिवाशांपुढे किल्लीपूर्वी ठेवावा. सरकारने १९२० च्या सुमारास खोल्या मोजल्या, आज चौरस फूट मोजले. घर किती मोठे, याबरोबरच त्यात मूळ रहिवासी किती वर्षे टिकतो, हेही यापुढे मोजले पाहिजे.